मधला 'व'

नोव्हेंबरात कागदाचा इंडेंट जातो,
एप्रिलपासूनचे फॉर्म छापायचे म्हणून.
दरसाल जातो. यंदा हॅलोरन साहेबांनी
टेबलावर तीन चिठ्ठ्या मांडल्या
आणि पेन्सिलीचं टोक चावत म्हणाले,
निनावे, मथळा तीन तऱ्हांनी जुळवून ठेव.
एप्रिलात आपण कोण असू
हे सेक्रेटरिएटलाही ठाऊक नाही.

(माझ्या आडनावाचा अर्थ
त्यांना कधी कुणी सांगितला नव्हता.)

पहिली चिठ्ठी : आहे तसंच. मध्यप्रांत व वऱ्हाड, डोक्यावर मुकुट.
दुसरी : मुकुट काढ, बाकी राहू दे.
तिसरी त्यांनी पालथी ठेवली होती.
तिच्यात नुसताच मध्यप्रांत.
वऱ्हाड निजामाचं, कागदोपत्री अजून आहेच,
गोरे निघाले की पट्टा संपला,
असं म्हणे दिल्लीत कुणी कुणाला लिहिलंय.

तर मी जुळवत बसलो.
कोंडवाड्याची पावती.
दुसऱ्याच्या तुरीत शिरलेला बैल
कोणत्या सरकारने कोंडला
हे बैलाला नको असतं, पावतीला हवं असतं.
देवी टोचल्याचा दाखला.
ताडीच्या दुकानाचा परवाना.
विहिरीत लाल औषध टाकल्याची नोंदवही.
पटकी येईल, बैल चुकतील, माणसं ताडी पितील,
एवढं सगळं ठरलेलं होतं,
वरच्या एका ओळीखेरीज.

'मध्यप्रांत'ला आठ खिळे.
'वऱ्हाड'मधला तो अर्धा र आमच्या केसमध्ये मोजका,
जपून वापरायचा. वऱ्हाड गेलं
तर तो उरेल फक्त 'तऱ्हेवाईक' लिहायला.
आणि मधला 'व'. एकच खिळा.
बावीस वर्षं उचलतोय, नीट पाहिला नव्हता कधी.
पोट झिजलेलं,
शाई धरून बसलेला कोपऱ्यात.

पलीकडे दुबराज देवांगन हिंदी जुळवतो.
त्याला म्हटलं, तुझा 'और' बरा,
दोन खिळ्यांचा, तुटायला वेळ लागेल.
तो हसला नाही.
म्हणाला, हमारे रायपुर का नाम
तीनों में से किसी चिट्ठी में नहीं है, भैया.
मग बराच वेळ आम्ही दोघं
नुसते खिळे वाजवत राहिलो.

सुटी झाल्यावर झिरो माईलच्या दगडावरून घरी.
हैदराबाद ३१८ मैल, असं त्यावर कोरलंय.
रोजच असतं.
त्या दिवशी थांबून वाचलं,
सावकाराचं देणं वाचावं तसं.
दगडाला कुणीतरी शेळी बांधली होती.

कौतिकाचं माहेर कारंज्याचं.
ज्वारी निवडता निवडता तिने सगळं ऐकलं.
"म्हंजे मले मायकडे जायले परवाना लागंल काय?"
लागलाच तर मीच छापीन, मी म्हणालो.
"मंग दोन जास्तीचे छापून ठेवजा.
जायचा एक, यायचा एक."
आणि सूप पाखडलं,
भुसा माझ्या अंगावर.

डिसेंबर संपता संपता तिन्ही मथळे
सुतळीने बांधून फळीवर गेले. अ, ब, क.
मुकुटाचा ठसा तेल लावून चिंधीत गुंडाळला.
वितळवा, असं कुणी म्हटलं नाही,
ठेवा, असंही नाही.
हॅलोरन साहेबांच्या पेट्या व्हरांड्यात आल्या.
पेंटरने पांढऱ्या रंगात नाव घातलं,
खाली गावाची जागा कोरी.
तो ब्रश धरून उभा.
साहेब म्हणाले, उद्या ये.
दुसऱ्या दिवशीही म्हणाले.

'क' मथळ्यात लागला नाही
म्हणून एक 'व' हातात उरला होता.
केसमध्ये परत टाकायचा, तो सदऱ्याच्या खिशात गेला.
धुताना कौतिकाला सापडला.
हे काय, तिने विचारलं नाही.
उजेडाकडे धरून पाहिला, उलटा दिसतो म्हणाली,
आणि सुयांच्या डबीत टाकला.
"लागंल."

चोरीच म्हणायची तशी. सरकारी माल.
कोणत्या सरकारचा,
ते एप्रिलात कळेल.